डायल-अप लावलं की ब्रॉडबँड मरतं: एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही चालवताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण

कापसाचा हंगाम लागला की संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान मला एक ठरलेला फोन येतो. गाव बदलतं, जिनिंग बदलते, बोलणं तेच असतं. "भाऊ, हेड ऑफिसले डायल केलं का नेट मरते. काहून होऊन राहिलं असं?" पलीकडे कॉम्प्युटरवर बसलेली एखादी ताई असते, तिच्या मागे दिवाणजी उभे असतात आणि खिडकीबाहेर काटापट्टी हातात धरून शेतकरी चुकाऱ्याची वाट पाहत असतात.

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव, कळंब, पांढरकवडा, वणी या पट्ट्यातल्या जिनिंगच्या ऑफिसांत मी कॉम्प्युटरची कामं करतो. बहुतेक ठिकाणी मांडणी एकसारखी. टेबलावर एकच कॉम्प्युटर, बहुधा विंडोज ७. त्याला ब्रॉडबँड राउटरची केबल लावलेली. तिच्यावरून बँकेची साइट उघडून शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे टाकायचे. त्याच कॉम्प्युटरला डायल-अप मोडेम. त्याच्यावरून नागपूरच्या किंवा अकोल्याच्या हेड ऑफिसला फोन लावून दिवसाची खरेदी, रुईच्या गाठी, सरकीचं वजन तिथल्या सर्व्हरवर चढवायचं. मालकांना हिशेबाचा सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवायचा नसतो, म्हणून फोनचा रस्ता राखून ठेवलेला असतो. त्यांचं म्हणणं मला पटतं. अडचण एवढीच की दोन्ही कामं नेमकी संध्याकाळी एकाच वेळी येतात.

यात सगळ्यात वाईट मला वाटतं ते हे, की चूक बसते ऑपरेटरच्या माथी. "तूच काहीतरी दाबलं असशील" हे वाक्य मी इतक्या ऑफिसांत ऐकलंय की आता तिथे गेल्यावर आधी दिवाणजींना खुर्ची देऊन बसवतो आणि कॉम्प्युटर काय करतोय ते त्यांना दाखवतो. ऑपरेटरनं काही दाबलेलं नसतं. बऱ्याचदा लाइनही खराब नसते. तक्रार नोंदवली जाते, लाइनमन येतो, तपासतो, "लाइन बरोबर हाय" म्हणून जातो, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच.

आधी राउटरचे दिवे बघा

काहीही उघडण्याआधी एक काम करा. ब्रॉडबँड चालू असताना एकानं राउटरसमोर उभं राहायचं आणि दुसऱ्यानं डायल-अप लावायचं. राउटरवर डीएसएल किंवा लिंक असं लिहिलेला दिवा असतो, तो बघायचा. डायल करताच तो लुकलुकायला लागला किंवा विझला, तर दोष वायरीत आहे. दिवा स्थिर राहिला आणि तरी नेट गेलं, तर दोष कॉम्प्युटरच्या आत आहे. या एका पाहणीनं अर्धा दिवस वाचतो. तरी बहुतेक जण ती करत नाहीत आणि थेट विंडोज नव्यानं टाकायला निघतात.

वायरीचा दोष असेल तर तो असा. टेलिफोनच्या तारांच्या एकाच जोडीवरून डायल-अप आणि एडीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरून येणारं ब्रॉडबँड, दोन्ही चालतात, कारण त्यांच्या लहरी वेगळ्या आहेत. बोलणं आणि डायल-अप ४ किलोहर्ट्झच्या आत, एडीएसएल साधारण २५ किलोहर्ट्झच्या वर. त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो तो स्प्लिटर, म्हणजे लाइन, फोन आणि मोडेम अशी तीन तोंडं असलेली छोटी डबी. डायल-अप मोडेमही फोनसारखाच, म्हणून त्याची वायर 'फोन' लिहिलेल्या तोंडाला लागली पाहिजे. नावात मोडेम आहे म्हणून लोक ती 'मोडेम' लिहिलेल्या तोंडाला लावतात. ते तोंड फक्त ब्रॉडबँडच्या राउटरसाठी आहे.

स्प्लिटर बरोबर लावूनही दिवा लुकलुकत असेल, तर स्प्लिटरच्या आधीच कुठेतरी लाइनला फाटा काढलेला आहे का ते शोधा. एका जिनिंगमध्ये मी दोनदा रिकाम्या हातानं परत आलो. तिसऱ्यांदा भिंतीवरच्या वायरीमागे चालत चालत गेलो, तर ती थेट वजनकाट्याच्या खोलीत गेलेली. तिथे जुना समांतर फोन होता आणि तो फिल्टरशिवाय, म्हणजे स्प्लिटर चुकवून, जोडलेला होता. तो स्प्लिटरच्या मागे घेतला, अडचण संपली. फॅक्स मशीन असेल तर त्यालाही हाच नियम. पावसाळ्यानंतर सांधे गंजून खरखर येते ती गोष्ट वेगळी. साध्या फोनवर कान लावला की ती ऐकू येते.

दिवा स्थिर आहे आणि नेट बंद

दहातल्या बहुतेक फोनमागे हाच प्रकार निघतो, म्हणून इथे जरा थांबतो.

कॉम्प्युटरला बाहेर जायला दोन रस्ते दिसत असले, तरी 'बाकी सगळ्यासाठी' तो एकच रस्ता धरतो. त्याला डिफॉल्ट गेटवे म्हणतात. डायल-अप जोडलं की विंडोज आपणहून ठरवतं की आता हाच नवा मुख्य रस्ता. डांबरी रोड समोर असताना सगळी वाहतूक पांदणीनं वळवावी तसं होतं. बँकेच्या साइटची मागणीही फोनवरून हेड ऑफिसच्या सर्व्हरकडे जाते. तो सर्व्हर ती पुढे इंटरनेटवर सोडत नाही, म्हणून पान उघडत नाही. एखाद्या ठिकाणी सोडत असेलच, तर वेग बघा: दोन्ही टोकांना साधे मोडेम असले की जास्तीत जास्त ३३.६ केबीपीएस मिळतात. म्हणजे एका एमबीला चार मिनिटांच्या वर. बँकेचं पान त्याआधीच वेळ संपल्याचं सांगून बाहेर काढतं.

हे डोळ्यांनी बघता येतं, आणि बघाच. काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट उघडा. आर-ओ-यू-टी-ई, मग एक जागा, मग प्रिंट. वरच्या बाजूला ०.०.०.० नं सुरू होणाऱ्या ओळी दिसतील. ब्रॉडबँड एकटं असताना अशी एक ओळ असते आणि तिच्यात राउटरचा आकड्यांचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१. डायल-अप लावून पुन्हा तीच आज्ञा द्या. आता दोन ओळी झाल्या. शेवटच्या रकान्यात मेट्रिक असतं. ज्याचा आकडा लहान तो रस्ता जिंकतो. विंडोज ७ वर डायल-अपचा आकडा लहानसा दिसतो आणि ब्रॉडबँडचा उडी मारून चार हजारांच्या पलीकडे गेलेला असतो. मी दिवाणजींना हे दोन आकडे कागदावर लिहून देतो. त्यानंतर ऑपरेटरला कुणी बोलत नाही.

उपाय एक टिक काढण्याएवढाच आहे. स्टार्टमध्ये एन-सी-पी-ए डॉट सी-पी-एल टाइप करून एंटर मारा. नेटवर्क कनेक्शनची खिडकी उघडेल. हेड ऑफिसच्या डायल-अपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, वर नेटवर्किंग हा टॅब. तिथे इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४ निवडून त्याच्या प्रॉपर्टीज, मग खाली अ‍ॅडव्हान्स्ड. आयपी सेटिंग्ज टॅबमध्ये 'यूज डिफॉल्ट गेटवे ऑन रिमोट नेटवर्क' अशी ओळ असते आणि तिच्यापुढे टिक असते. ती काढा. एक्सपीवर हीच ओळ जनरल टॅबमध्ये सापडते. सगळ्या खिडक्या ओके करून बंद करा, डायल-अप तोडा आणि पुन्हा लावा. जोडणी चालू असताना केलेला बदल पुढच्या डायलपासूनच लागू होतो. इथे गडबडून जाऊन टिक परत लावणारे मी पाहिलेत.

मात्र टिक काढण्याआधी हेड ऑफिसला विचारा. काही ठिकाणी त्यांनी ती मुद्दाम ठेवलेली असते, म्हणजे हिशेबाच्या सर्व्हरशी जोडलेला कॉम्प्युटर त्याच वेळी इंटरनेटवर नसावा. त्यांची भीती खरी आहे. असं असेल तर आधी चुकारे, मग डायल, असा क्रम लावून घ्या किंवा बँकेच्या कामाला दुसरा कॉम्प्युटर मागा. परवानगी मिळाली तरी फायरवॉल चालू आणि अँटिव्हायरस ताजा, हे माझ्याकडून पक्कं.

टिक काढली, नेट आलं, पण हेड ऑफिस गेलं

हे झालं की लोक घाबरतात. कारण साधं आहे. टिक काढल्यावर विंडोज डायल-अपच्या रस्त्यावर फक्त तेवढाच पत्त्यांचा गट ठेवतं, जो मिळालेल्या पत्त्याच्या वर्गात बसतो. तुम्हाला १० नं सुरू होणारा पत्ता मिळाला, तर १० चे सगळे पत्ते फोनवरून जातात आणि काम होऊन जातं. पण तुमचा पत्ता एका गटातला आणि सर्व्हर दुसऱ्याच गटात असेल, तर त्या सर्व्हरचा रस्ता हातानं सांगावा लागतो. राउट, अ‍ॅड, सर्व्हरच्या नेटवर्कचा पत्ता, मास्क हा शब्द आणि तो गट केवढा ते सांगणारा त्याचा आकडा, आणि गेटवेच्या जागी डायल-अपनं आपल्याला दिलेला पत्ता. आकडे अर्थात इंग्रजीत टाइप करायचे. काळी खिडकी रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटरनं उघडली नसेल तर आज्ञा नाकारली जाते.

दर वेळी नवा पत्ता मिळत असेल तर हे रोजचं दुखणं होतं. हेड ऑफिसच्या माणसाला सांगा की आमच्या शाखेच्या यूजरला ठरलेला पत्ता द्या. विंडोज सर्व्हरवर यूजरच्या डायल-इन टॅबमध्ये तशी सोय आहे. एकदा पत्ता ठरला की आधी डायल करणारी आणि मग रस्ता टाकणारी दोन ओळींची बॅच फाइल करून डेस्कटॉपवर ठेवा. डायल करण्याची आज्ञा रासडायल, आर-ए-एस-डी-आय-ए-एल. ऑपरेटरनं त्या चिन्हावर राइट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हटलं की झालं.

आणखी एक गाठ आहे आणि ती सोडवल्याशिवाय वरचं काहीच चालत नाही. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक राउटरांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. हेड ऑफिसमध्येही तसाच राउटर, म्हणून तिथला सर्व्हरही १९२.१६८.१ च्याच गटात. आता तुमच्या कॉम्प्युटरला तोच गट दोन्हीकडे दिसतो. एकाच नावाची दोन गावं आणि एसटीच्या पाटीवर तालुका लिहिलेला नाही, तशी गत. कधी सर्व्हर सापडतो, कधी नाही. "सकाळी चालते, संध्याकाळी नाही चालत" अशी तक्रार आली की मी आधी हेच बघतो. हेड ऑफिसला हात लावायचा नाही. आपल्या राउटरमध्ये शिरून लॅनचा, म्हणजे ऑफिसातल्या जाळ्याचा, पत्ता बदलायचा, उदाहरणार्थ १९२.१६८.२५.१. कॉम्प्युटरला हातानं पत्ता दिलेला असेल तर तोही त्याच गटात घ्या, आणि नेटवर्क प्रिंटर असेल तर त्याचाही.

वीज गेली की आपोआप डायल होतं

ही तक्रार मला समजायला सगळ्यात जास्त दिवस लागले. एका ऑफिसात सगळं नीट करून आलो होतो. तरी दिवाणजींचा फोन, की मधेच नेट बैलबंडीसारखं होतं आणि फोनचं बिलही वाढलंय. ताई म्हणायची, "दादा, मी डायल केलंच नाही. मले माहीतच नाही ते कधी लागते."

ती खरं बोलत होती. कॉम्प्युटर यूपीएसवर होता, राउटर थेट भिंतीतल्या बोर्डावर. जिनिंगची मोठी मोटर सुरू होताना नाहीतर लोडशेडिंगच्या वेळी वीज क्षणभर जायची. कॉम्प्युटरला काही कळायचं नाही, पण राउटर बंद होऊन पुन्हा उठायला आणि लाइन पकडायला दोनेक मिनिटं घ्यायचा. तेवढ्यात मेलचा प्रोग्राम इंटरनेट मागायचा. विंडोजला केबलवर काही मिळायचं नाही, मग ते हाताशी असलेलं डायल-अप लावायचं, कारण पासवर्ड साठवलेला होता आणि कधीतरी कुणीतरी 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' वर टिक केलेली होती. दोन मिनिटांनी ब्रॉडबँड परत यायचं, पण डायल-अप जोडलेलंच राहायचं. त्या कॉम्प्युटरवर विंडोजचे दोन यूजर होते. मी एकाच्या कनेक्शनमधली गेटवेची टिक काढली होती. दुसऱ्याचं स्वतःचं वेगळं कनेक्शन होतं आणि त्याची टिक तशीच होती. फोनचं मीटर चालू आणि बँकेचं पान अडकलेलं.

यावर चार गोष्टी केल्या आणि त्यानंतर त्या ऑफिसमधून या कारणानं फोन आला नाही. कंट्रोल पॅनेलमधल्या इंटरनेट ऑप्शन्समध्ये कनेक्शन्स हा टॅब असतो. तिथे 'नेव्हर डायल अ कनेक्शन' निवडलं. डायल-अपच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑप्शन्स टॅबवर किती वेळ काम नसेल तर फोन ठेवायचा ते असतं. तिथे १० मिनिटं ठेवली. दोन्ही यूजरच्या प्रत्येक डायल-अप कनेक्शनची गेटवेची टिक तपासून काढली. आणि राउटरचा अडॅप्टर यूपीएसवर घेतला. राउटरला वीज फार थोडी लागते, यूपीएसवर त्याचा भार जाणवतही नाही. चारांतली ही शेवटची गोष्ट कुणीही आज संध्याकाळीच करू शकतो.

गेटवेची टिक परत येण्याचंही कारण कळून घ्या. कुणी डायल-अपचं कनेक्शन पुसून नवं बनवलं की ती टिक लागलेलीच येते. "मागच्या महिन्यात तर दुरुस्त केलं होतं" असं म्हणणाऱ्या बहुतेक ठिकाणी मला नवं कनेक्शन सापडलंय. जुनं आणि नवं दोन्ही दिसत असतील तर एकच ठेवा.

रस्ता बरोबर, तरी साइट उघडत नाही

काळ्या खिडकीतून आठ डॉट आठ डॉट आठ डॉट आठ या इंटरनेटवरच्या पत्त्याला पिंग करून, म्हणजे हाक मारून, उत्तर येतं का बघा. उत्तर येतंय पण साइटच्या नावाला पिंग केलं तर 'सापडत नाही' म्हणतंय, तर नावावरून पत्ता शोधण्याचं काम हेड ऑफिसच्या डीएनएस सर्व्हरकडे गेलंय आणि त्याला बाहेरची नावं माहीत नाहीत. डायल-अपच्या व्हर्जन ४ च्या त्याच प्रॉपर्टीजमध्ये डीएनएस हातानं द्या आणि तिथे आपल्या राउटरचाच पत्ता टाका. मग हेड ऑफिसचा सर्व्हर नावानं नाही तर आकड्यांच्या पत्त्यानं उघडावा लागेल. हिशेबाच्या प्रोग्राममध्ये तो एकदा बदलून घ्या.

प्रॉक्सीचं, म्हणजे ज्या मधल्या सर्व्हरमार्फत ब्राउझर पानं मागवतो त्याचंही एक बघा. इंटरनेट ऑप्शन्समध्ये लॅनची प्रॉक्सी वेगळी आणि प्रत्येक डायल-अपची वेगळी असते. डायल-अप जोडलेलं असताना ब्राउझर डायल-अपचीच सेटिंग धरतो. तिथे जुनी प्रॉक्सी राहून गेली असेल तर बाकी सगळं बरोबर असूनही पान कोरं राहतं.

एक चूक मात्र कुणी करू नका. दोन्ही कनेक्शन 'एकत्र चालावीत' म्हणून डायल-अपच्या शेअरिंग टॅबवर जाऊन इंटरनेट कनेक्शन शेअरिंग चालू करतात. ते चालू करताच विंडोज ७ लॅन कार्डाचा पत्ता बदलून १९२.१६८.१३७.१ करतं, आणि एक्सपी १९२.१६८.०.१. त्या क्षणी राउटरशी बोलणंच तुटतं आणि ब्रॉडबँड डायल-अप नसतानाही बंद होतं. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग दिलं आणि १३७ दिसलं, तर शेअरिंग काढा आणि लॅन कार्डाच्या व्हर्जन ४ मध्ये पत्ता पुन्हा आपोआप मिळण्यावर ठेवा.

ब्रॉडबँडही डायल करावं लागत असेल तर

काही ऑफिसांत राउटर नुसता पुलासारखा, ब्रिज मोडमध्ये असतो आणि ब्रॉडबँडचं यूजरनेम, पासवर्ड कॉम्प्युटरवरच टाकून जोडावं लागतं. विंडोजच्या नजरेत मग तेही डायलचंच कनेक्शन. दोघं गेटवेसाठी भांडतात आणि जो नंतर जोडला तो जिंकतो. हेड ऑफिसच्या कनेक्शनची टिक काढल्यावर हेही मिटतं, पण मी राउटरलाच पीपीपीओई मोडमध्ये घालतो, म्हणजे वीज आल्यावर तो आपलं आपण जोडून घेतो. बीएसएनएलच्या एडीएसएल लाइनला राउटरच्या सेटिंगमध्ये व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ हे लाइनचे दोन आकडे लागतात. रीसेटचं बटण दाबण्याआधी यूजरनेम, पासवर्ड वहीत लिहिलेला आहे का ते बघा.

डायल-अप मोडेमच्या जागी मोबाइल नेटचा यूएसबी डोंगल असेल आणि तो *९९# डायल करत असेल, तर विंडोजला तो मोडेमच वाटतो; वरचं सगळं जसंच्या तसं लागू. काही डोंगल मात्र स्वतःला लॅन कार्ड म्हणून दाखवतात. त्यांना ती टिक नसते. तिथे दोन्ही कार्डांच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ऑटोमॅटिक मेट्रिकची टिक काढून ब्रॉडबँडला १०, डोंगलला ५० असे आकडे द्या.

सगळं झाल्यावर परीक्षा घेतल्याशिवाय उठू नका. डायल-अप जोडा, हेड ऑफिसचा प्रोग्राम उघडा, शेजारी बँकेची साइट उघडा. दोन्ही चालताना राउट प्रिंट देऊन ०.०.०.० ची ओळ फक्त ब्रॉडबँडची आहे ना ते बघा; लॅन कार्डासारखा डोंगल असेल तर दोन ओळींत ब्रॉडबँडचा आकडा लहान पाहिजे. मग डायल-अप तोडा, राउटरची पिन दोन मिनिटं काढून ठेवा, मेलचा प्रोग्राम उघडा आणि कॉम्प्युटर आपणहून डायल करतो का ते बसून बघा. पिन परत लावल्यावर काही न दाबता नेट आलं पाहिजे. ही परीक्षा ऑपरेटरच्या हातून करून घ्या, दिवाणजींच्या समोर.